अलिझेचे तिघे: तुरुंगात शोधायचे की समुद्रात?

आंबोळगड
दर ४ डिसेंबरला आपल्याकडे नौदल दिनाच्या पोस्ट फिरतात, २०२३ ला तर सोहळाच मालवणात झाला, मलाही त्याचा अभिमान आहे. १९७१ च्या युद्धात कराचीवर आपल्या मिसाइल बोटी गेल्या ते शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवसमोर आपली खुकरी युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी नि १७६ नौसैनिक गेले, तेही बऱ्याच जणांना माहितीय. पण लगेच दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, नौदलाचं अलिझे विमान पाकिस्तानी एफ-१०४ फायटरने सौराष्ट्र-कच्छपुढच्या समुद्रावर पाडलं आणि लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही नि एअरक्रूमन विजयन हे तिघे परत आलेच नाहीत, हे कोणाच्या तोंडी नसतं.
आणि कधी निघालाच विषय तर लगेच "पाकिस्तानच्या तुरुंगात असतील" सुरू होतं. मला हे बरोबर वाटत नाही. ते तिघे समुद्रात गेले. शोधायचंच असेल तर तिथं शोधा, घरच्यांना पन्नास वर्षं खोट्या आशेवर ठेवू नका.

वाडीतली_सून
दादा, "समुद्रात गेले" हे तुम्ही एवढं ठामपणे कशाच्या जोरावर म्हणताय? मृतदेह मिळालेत का? आमच्या सासरी माणूस समुद्रात गेला नि मिळाला नाही तर पालाशविधी करतात, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी, पण तो कधी करायचा ते घरची माणसं ठरवतात, शेजारी नाही. कायद्याला सात वर्षं ठावठिकाणा नसला की पुरतं, बाईला पुरत नाही. २००७ मध्ये १९७१ च्या बेपत्ता जवानांचे १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग हिंडून आले, काही हाती लागलं नाही, तरी गेलेच ना? त्यांना खोटी आशा म्हणायला जीभ कशी वळते.

तारकर्लीचो
माका ह्या अजिबात पटाक नाय. होडी इली नाय तर घरची माणसा म्हणतत, खंयतरी किनाऱ्याक लागली असतली. सरकारान एकदा कागदार मेलो म्हणून लिवल्यान की चौकशी बंद. ताई बरोबर सांगता.

आंबोळगड
ताई, घरच्यांच्या आशेला मी नावं ठेवत नाहीये, बाकीचे जे त्या आशेवर गोष्टी रचतात त्यांच्याबद्दल बोलतोय. जोर कशाचा विचारलंत तर ऐका. अलिझे म्हणजे पाणबुड्या शोधणारं विमान, एका टर्बोप्रॉप इंजिनाचं, तीन माणसांचं, पाण्यावर खाली खाली उडत रडारनं माग काढायचं. ती ज्या जहाजावरून उडायची ती विमानवाहू विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात, म्हणून पश्चिमेकडची अलिझे जमिनीवरून उडत होती, सोबत कोणी संरक्षणाला नाही. समोरून आलं आवाजाच्या दुप्पट वेगाचं फायटर. उंची नसताना, पळायला वेग नसताना काय होणार?
आणि दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ ने त्यांचं एफ-१०४ पाडलं. त्याचा पायलट विंग कमांडर मिडलकोट, तो तर पॅराशूटनं बाहेर पडला होता, तरी समुद्रात कुठं गेला तो आजतागायत मिळाला नाही. तोही आपल्या तुरुंगात होता असं म्हणायचं का मग? त्या पाण्यानं दोन्हीकडची माणसं नेली. हे मला फार खरं वाटतं आणि फार वाईटही वाटतं.

वाडीतली_सून
मिडलकोटचं उदाहरण पटलं, अगदी खरं सांगते, त्याचा मी विचारच केला नव्हता. पण त्यावरून शंका कमी होते, संपत नाही. डिसेंबरात आपला समुद्र काही बर्फाचा नसतो, लाइफ जॅकेट असलेला माणूस तासन् तास तग धरतो हे इथल्या कुठल्याही खलाशाला विचारा. कुणाच्या बोटीनं उचललं असेल तर? १९७२ च्या सिमला करारानंतर आपण पाकिस्तानची युद्धात पकडलेली ९३ हजार माणसं परत पाठवली, आपली मागताना मात्र इतका संकोच?

देवगडचा_इंजिनिअर
दोघांनीही पैशाचा नि जागेचा विचार केलेला नाही. समुद्रात शोधा म्हणणं सोपं. खुकरी केवढी मोठी फ्रिगेट, ती पण वर काढली नाही, दीवला स्मारक केलं नि तिथंच निजू दिलं. एवढंसं विमान, त्यात कच्छकडचा गाळ नि भरती-ओहोटीची ओढ, काय उरलं असेल?

आंबोळगड
उरतं. हवाई दलाचं ए-एन ३२ विमान जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह गायब झालं, २०२४ च्या जानेवारीत त्याचे अवशेष ३४०० मीटर खोलीवर सापडले, पाण्याखाली स्वतः फिरणारं यंत्र सोडून सोनारनं, म्हणजे आवाजाच्या लहरींनी, नि कॅमेऱ्यानं शोधले. ३४०० मीटर! सौराष्ट्र-कच्छपुढचा किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ त्यापुढं काहीच नाही. गाळाचा मुद्दा मान्य, पण प्रयत्न तरी करा. आणि वर काढा असं मी म्हणतच नाही, जागा कळू दे म्हणजे तिथं जहाज नेऊन फुलं वाहता येतील, खुकरीवाल्यांना निदान दीव तरी आहे.

तारकर्लीचो
आमचे ट्रॉलरवाले जाळा खंय अडाकता तेचो जीपीएस पॉइंट लिवन ठेवतत, ओखा-वेरावळचे पण ठेवत असतले. नौदलान आधी तेंका इचारूचा, फुकटात मिळात.

वाडीतली_सून
हे चांगलंय, खरंच. आपल्या खासदारांकडे लोकसभेत प्रश्न द्यायचा असेल तर माझी सही धरा. फक्त त्यात तुरुंगाचा विषय वगळा असं लिहिणार असाल तर नको. २००८ च्या करारानं दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात-घेतात, तेव्हा आपलं परराष्ट्र खातं बेपत्ता जवानांचंही विचारतं. ते विचारणं बंद झालं तर समुद्रात काही सापडेपर्यंत त्या तिघांचं नाव कुठल्याच कागदावर फिरणार नाही.

आंबोळगड
तुरुंगाची ओळ मी माझ्या हातानं लिहिणार नाही ताई, मला ती खरी वाटत नाही. तुम्ही तुमचा प्रश्न वेगळा द्या, मी त्यावर सही करत नाही पण अडवतही नाही. माझा मसुदा रविवारपर्यंत इथंच टाकतो.