डेलिया डर्बीशायर : चाल दुसऱ्याची, मग संगीतकार कोण?

रीळवाली (धागाकर्ती)

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत इथल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलं असेल. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला तेव्हापासून ते या ना त्या रूपात वाजतंय. कागदोपत्री संगीतकार रॉन ग्रेनर, आणि आपण जे ऐकतो तो आवाज न् आवाज घडवला डेलिया डर्बीशायरने, मदतीला डिक मिल्स. मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव पहिल्यांदा झळकलं २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात. ती गेली २००१ मध्ये.

दरवर्षी ५ मे आला, म्हणजे तिचा वाढदिवस, की कौतुकाच्या पोस्टी फिरतात. "इलेक्ट्रॉनिक संगीताची अग्रणी", "काळाच्या पुढची" वगैरे. मला हे अपुरं वाटतं. माझं म्हणणं सरळ आहे, तिला त्या शीर्षकसंगीताची सहसंगीतकार म्हणा, नुसती तंत्रज्ञ किंवा "साकार करणारी" नको.

का ते सांगते. ग्रेनरने दिला होता एक कागद. त्यावर चाल, बेसची ओळ, आणि मधेमधे वाऱ्याचे बुडबुडे, ढग असले शब्द. आता वाऱ्याचा बुडबुडा कसा वाजतो ते कोण ठरवणार? डेलियाने ठरवलं. आणि ती काम करायची त्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे खास आवाज घडवणाऱ्या खात्यात, तेव्हा सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारं वाद्य) नव्हता हे लक्षात घ्या. एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला, तीच टेप कमीजास्त वेगाने वाजवून हवे ते सूर काढले, प्रत्येक सुराचा वेगळा तुकडा कापला. टेप सेकंदाला १५ इंच पळत असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच टेप, म्हणजे लय मोजायची ती पट्टीने आणि धरायची ब्लेड आणि चिकटपट्टीने. वरची चाल टेस्ट ऑसिलेटरवर, म्हणजे खरं तर उपकरणं तपासायला ठेवलेल्या यंत्रावर. फुसफुसणारे ढग म्हणजे नुसती खरखर फिल्टरमधून गाळलेली. मल्टिट्रॅक मशीन नाही, त्यामुळे वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या टेपा लावून एकदम सुरू करायच्या आणि त्या एकत्र राहतील अशी आशा धरायची. एकदा एक सूर चुकत होता, जोड नक्की कुठे फसलाय ते कळेना, तेव्हा स्टुडिओबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारीशेजारी उलगडून त्यांनी जोड पडताळून पाहिले, हे मिल्स यांनीच सांगितलंय.

मी साउंड एडिटिंग करते, माझ्याकडे आज अनडूचं बटण आहे. ह्या कामाला "चाल वाजवून दिली" म्हणणं मला पटत नाही. मतं सांगा.

काळी_पाच

असहमत, आणि डेलियाबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

संगीतकार तो ज्याने चाल बांधली. एवढी साधी व्याख्या सोडली की सगळंच ढिलं पडतं. १९८० मध्ये पीटर हॉवेलने तीच चाल सिंथेसायझरवर नव्याने केली, २००५ मध्ये मरे गोल्डने ऑर्केस्ट्रा घालून केली, प्रत्येक वेळी लोकांनी दोन सेकंदात ओळखली. आवाज बदलला तरी जे उरतं ती रचना, आणि ती ग्रेनरची.

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. हिंदी सिनेमात गोव्याच्या मंडळींनी अरेंजिंगचा डोंगर उपसला. सॅबेस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर दोघांकडे काम केलं, त्या गाण्यांमधले व्हायोलिनचे ताफे आठवा. त्यांना मिळालं त्यापेक्षा कितीतरी जास्त श्रेय मिळायला हवं होतं हे हजारदा मान्य. पण म्हणून ती गाणी डिसूझांची होत नाहीत. संयोजक हे मानाचं पद आहे, ते मोठं करा, ते पुसून सगळ्यांना संगीतकार करायची गरज नाही.

रीळवाली

@काळी_पाच, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूने जातात असं मला वाटतं.

गोल्डच्या २००५ च्या आवृत्तीत डेलियाच्या १९६३ च्या मूळ ध्वनिमुद्रणातले आवाज सॅम्पल करून, म्हणजे थेट उचलून, वापरलेत. नुसती चाल पुरेशी असती तर बेचाळीस वर्षांपूर्वीची टेप कशाला शोधली असती? आणि १९७२ चं तुम्ही सोडूनच दिलंत. तेव्हा रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये कपाटाएवढा मोठा सिंथेसायझर आला होता, त्यावर हेच शीर्षकसंगीत नव्याने करून पाहिलं, खुद्द डेलिया त्यात होती. चाल तीच, यंत्र जास्त भारी. ते पसंत पडलं नाही, जुनंच परत लावलं आणि ते १९८० पर्यंत चाललं.

आणि अरेंजरचं म्हणाल तर सॅबेस्टियन डिसूझांच्या हाताशी व्हायोलिन होतं, चेलो होता, ते वाजवणारे होते. वाद्य आधी होतं, मग संयोजन. इथे वाद्यच नव्हतं हो! प्रत्येक सुरासाठी वाद्य आधी जन्माला घालायचं, मग ते वाजवायचं, तेही एकदाच, कारण पुढच्या सुराला परत पहिल्यापासून. मग ह्याला संयोजन कुठल्या अर्थाने म्हणायचं?

अनाहत

मला दोघांचंही थोडं बाजूला ठेवून वेगळंच बोलायचंय, ते म्हणजे हा "अग्रणी" शब्द.

पॅरिसमध्ये पिएर शेफरने आगगाडीचे आवाज टेपवर नाही तर तबकड्यांवर घेऊन त्यातून संगीत केलं ते १९४८ मध्ये. कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत श्टोकहाउझेन पन्नासच्या दशकात ऑसिलेटरचे शुद्ध सूर एकावर एक रचत होता. खुद्द बीबीसीत रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं १९५८ ला, त्यासाठी वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या मागे लागली ती डॅफ्नी ओरम. ती वर्षभरात नोकरी सोडून गेली आणि फिल्मवर रेषा काढून आवाज निर्माण करणारं स्वतःचं यंत्र बांधत बसली. मग तिथेच काम करणारी मॅडलेना फागांदिनी. डेलिया वर्कशॉपमध्ये आली १९६२ ला. म्हणजे ती पहिली नाही, एकटी बाई तर अजिबातच नाही.

एकीला देवघरात बसवलं की बाकीच्या आपोआप अडगळीत जातात, आणि ते ओरमच्या बाबतीत होतंय हे मला खरंच टोचतं. ओरम नसती तर डेलियाला जायला जागाच नव्हती. साजरी करायचीच तर ती खोली साजरी करा, लंडनच्या मेडा व्हेल भागातलं ते वर्कशॉप, मिल्स, ब्रायन हॉजसन सगळ्यांसकट.

पंचमवेडा

आपल्या चरणजित सिंगांना विसरू नका! १९८२ मध्ये मुंबईत रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन राग वाजवले डिस्कोच्या ठेक्यावर, तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि वीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांना ते अॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचं पूर्वरूप वाटलं.

रीळवाली

@पंचमवेडा, त्यांच्यावर वेगळा धागा काढा, नक्की येईन.

@अनाहत, ओरमबद्दल शंभर टक्के सहमत, तिच्यावर लिहायलाच हवं. पण एकीचं कौतुक म्हणजे दुसरीवर अन्याय हे मी मानत नाही. आणि अग्रणी म्हणजे "पहिल्या नंबरची" असं मी कुठे म्हटलं? शेफर, श्टोकहाउझेन थोर आहेतच, पण त्यांचं संगीत ऐकायला मुद्दाम जावं लागायचं. डेलियाचं शनिवारी संध्याकाळी चहाच्या वेळी आपोआप घरात शिरलं, लहान पोरं सोफ्यामागे लपली, आणि त्यातली काही पोरं मोठी होऊन सिंथेसायझर घेऊन बसली. इलेक्ट्रॉनिक आवाज म्हणजे प्रयोगशाळेतली गोष्ट हा समज मोडण्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

मुक्काम_मँचेस्टर

इथे इंग्लंडमध्ये राहून जे दिसतं ते सांगतो. कोव्हेंट्रीत तिच्या बालपणीच्या घरावर निळी पाटी आहे, तिच्या नावाचा रस्ता आहे, २०१७ ला तिथल्या विद्यापीठाने मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. मँचेस्टरमध्ये तिच्या नावाने एक संस्था चालते, कार्यक्रम करते, नव्या संगीतकारांकडून तिच्या टेपांवर आधारित काम करून घेते, शाळेतल्या मुलांना आवाजांशी खेळायला शिकवते. हे सगळं छानच.

पण माझा आक्षेप तिची गोष्ट कशी सांगितली जाते ह्याला आहे. प्रत्येक लेखात तोच क्रम, केंब्रिजहून गणित आणि संगीत शिकून आली, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने सांगितलं आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही, मग बीबीसीने नाव दिलं नाही, मग १९७३ ला सोडून गेली, मग गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर, मग दारू, मग मृत्यू. एवढं वाचून माणूस हळहळतो आणि एकही रचना न ऐकता पान बंद करतो. डेक्काचं खरं आहे, नाव न देण्याचंही खरं आहे (तो नियम पुरुषांनाही होता, वर्कशॉपच्या कोणाचंच नाव जात नसे, फक्त खात्याचं जायचं), पण ती म्हणजे तिच्यावर झालेला अन्याय एवढंच नाही. अकरा वर्षं ती तिथे जे करत होती त्यात तिला प्रचंड मजा येत होती, ते मुलाखतीत ऐकू येतं. लहानपणी कोव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते तेव्हाचे भोंगे, ते ऐकून आपल्याला अमूर्त आवाजांची ओढ लागली असं ती सांगते, तेही गंमत वाटून, रडगाणं म्हणून नाही.

अनाहत

@मुक्काम_मँचेस्टर, ह्याला मात्र पूर्ण पाठिंबा. दुःखाच्या गोष्टीला लाइक जास्त मिळतात, म्हणून सगळे तीच लिहितात.

काळी_पाच

आता मी जरा वेगळ्या बाजूने येतो. तुम्हाला डेलिया संगीतकार म्हणून सिद्ध करायची आहे ना, मग दुसऱ्याच्या चालीवरच का भांडताय? 'ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स' (Blue Veils, म्हणजे निळे बुरखे) घ्या. सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी तिने केलेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचंच. तिथे मी विनाअट संगीतकार म्हणेन.

त्यातल्या त्या लॅम्पशेडचं कळलं आणि मी थक्क झालो होतो. वर्कशॉपमध्ये एक हिरवी पत्र्याची लॅम्पशेड होती, वाजवली की सुंदर घुमायची. देवळातली घंटा वाजल्यावर ठोका विरतो आणि मागे जो नाद रेंगाळतो, तेवढाच तिला हवा होता. तिने ठोक्याचा भाग काढून टाकला, उरलेल्या नादात कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते शोधलं आणि त्या ऑसिलेटरवर पुन्हा उभ्या केल्या, लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक शेजारी घेऊन आकडेमोड करणारी बाई ती. त्यात स्वतःचा आवाजही कापून मिसळला. उंट सूर्यास्तात निघून गेले, खुरांत माझा आवाज आणि पाठीवर हिरवी लॅम्पशेड घेऊन, असं ती नंतर म्हणाली होती. हे ऐकवा लोकांना! तुम्ही सगळे 'डॉक्टर हू'ला चिकटून बसता आणि त्यामुळेच ती कायम कोणाच्या तरी चालीची साकार करणारी राहते. तिच्या बाजूचा सगळ्यात कच्चा मुद्दा तुम्ही सगळ्यात पुढे ठेवलाय.

रीळवाली

@काळी_पाच, लॅम्पशेडचं सुरेख लिहिलंत. पण मग मला एक सांगा, तिथे "चाल" कुठे आहे? गुणगुणून दाखवता येईल अशी चाल त्यात फार थोडी. आहे तो आवाजाचा पोत, त्याचं येणं-विरणं. तो पोत घडवणं तिथे रचना असेल तर १९६३ मध्ये त्याच बाईने त्याच खोलीत केलेलं तेच काम अचानक हमाली कशी होते?

१९६४ चं 'द ड्रीम्स' पण ऐकाच, बॅरी बरमांज यांच्याबरोबर केलेलं. लोकांनी आपापली स्वप्नं सांगितलेली, पळण्याची, पडण्याची, पाण्याची, ते बोलणं कापून पुन्हापुन्हा आणलंय आणि खाली तिचे आवाज. रात्री दिवा बंद करून ऐकू नका एवढंच सांगते.

काळी_पाच

हमाली मी म्हटलंच नाही. संयोजन म्हटलं, आणि त्याला मी खालचं काम समजत नाही, हे वर स्पष्ट लिहिलंय. 'ब्लू व्हेल्स'मध्ये काय वाजणार, कधी वाजणार, किती वेळ, हे सगळं तिने ठरवलं. 'डॉक्टर हू'मध्ये बेसची ओळ आणि चाल हातात आली होती. फरक तो आहे.

मुक्काम_मँचेस्टर

ह्या वादात खुद्द ग्रेनरचं काय म्हणणं होतं ते कोणी आणलंच नाही. पूर्ण झालेलं पहिल्यांदा ऐकल्यावर त्याने विचारलं, हे मी लिहिलंय? डेलिया म्हणाली, बरंचसं. त्याने तिला सहसंगीतकार म्हणून नाव आणि रॉयल्टीत वाटा मिळावा म्हणून प्रयत्न केले, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. ज्याची चाल त्यालाच ती एकट्याची वाटली नाही, मग आपण कोणासाठी भांडतोय?

काळी_पाच

तो ग्रेनरचा मोठेपणा, त्याला सलाम. पण डेलियाचं उत्तरही नीट वाचा, ती "बरंचसं" म्हणाली, "नाही" म्हणाली नाही.

रीळवाली

"सगळं"ही म्हणाली नाही! जे उरतं तेवढ्यासाठीच सह- लावा म्हणतेय मी.

अनाहत

तुमचं चालू द्या, पण त्या टेपांचं कोणीतरी लिहा. ती गेल्यावर तिच्या माळ्यावर २६७ टेपा निघाल्या, नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांत भरलेल्या, त्या २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाकडे आल्या. त्यात साठच्या दशकातला एक तुकडा निघाला, नव्वदच्या दशकातलं डान्स म्युझिक वाटावं असा ठेका, सुरुवातीला ती स्वतःच म्हणते की हे फक्त कुतूहलापुरतं. @मुक्काम_मँचेस्टर, तुम्ही तिथेच आहात, कार्यक्रमाला गेलात की काय ऐकलं ते इथे सविस्तर लिहा, ओरमचं त्यात काही असलं तर तेही.