कठीण परीक्षेचा अभ्यास करताना लक्ष टिकवायला तुम्ही नेमकं काय करता?

नोकरी सांभाळून एका व्यावसायिक परीक्षेची तयारी करतेय. डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि पान संपल्यावर कळतं की डोक्यात काहीच उतरलेलं नाही. सोप्या विषयात असं होत नाही, खरा कस लागतो तिथेच मन पळतं. ज्यांनी अशा परीक्षा दिल्यात किंवा सध्या देताहेत, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत ही विनंती. 'मन लावून कर', 'जिद्द ठेव' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मला बारीकसारीक हवंय. लक्ष उडालं त्या मिनिटाला तुम्ही काय केलंत? कुठल्या विषयाला काय लागू पडलं आणि काय नाही?

*

मी कायद्याचा अभ्यास करते. नुसतं वाचताना मनाला काही कामच नसतं, म्हणून ते भटकतं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे प्रकरण उघडण्याआधी मी कोऱ्या कागदावर दोन-तीन प्रश्न लिहिते. करारभंगाचा धडा असेल तर: भरपाई कुठल्या नुकसानाची मिळते? दूरच्या परिणामांचीही मिळते का? नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी कुणावर? मग वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आठवून उत्तरं लिहायची. पेन जिथे अडतं तेवढ्यासाठीच पुस्तक पुन्हा उघडायचं. तो अडलेला भाग मी इतक्या उत्सुकतेने वाचते की लक्ष मुद्दाम ठेवावं लागत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग यासाठी जरूर वाचा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचल्यावर 'येतंय की' असं वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं.

*

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करतोय. पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत सगळेच सुचवतात. फ्रान्सेस्को सिरिलो यांनी ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःसाठी काढली. औषधांचे गट, दुष्परिणाम, जंतूंची नावं अशा पाठांतराला ती मला उत्तम लागू पडते. पण रक्तातल्या आम्ल-अल्कली संतुलनाचं उदाहरण सोडवताना नाही. पीएच बघितला, बायकार्बोनेट बघितलं, आता शरीराने केलेली भरपाई पुरेशी आहे की दुसराही बिघाड आहे हे ठरवायचं, आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजते. परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. अशा विषयाला मी घड्याळ लावतच नाही, उदाहरण संपलं की उठतो.

मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामावरून एक चाचणी केली होती. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, मधूनच दुप्पट उडी मारतो आणि ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या. ते काम अत्यंत एकसुरी होतं हे लक्षात घ्या. पाठांतरही तसंच एकसुरी असतं, उदाहरण सोडवणं तसं नसतं. म्हणून दोन्हींना एकच वेळ लावू नये असं मला वाटतं.

*

लहान मुलगी आहे आणि लेखापालाची परीक्षा देतेय. सलग तास मला मिळतच नाहीत, त्यामुळे वरच्या उत्तरातली चैन मला परवडत नाही. मला दोन गोष्टींनी तारलं.

एक, वहीशेजारी एक चिठ्ठी. अभ्यासात घुसणारा विचार तिथे उतरवायचा, पण नुसता नाही, तो कधी हाताळणार हेही लिहायचं. 'मुलीचे बूट' लिहून भागत नाही, 'मुलीचे बूट, शनिवारी सकाळी' लिहिलं की तो विचार परत येत नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं. अपुरं काम मनात घोळत राहतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं याचा निश्चित बेत केला की घोळणं कमी होतं. काम पुरं व्हायलाच हवं असं नाही.

दुसरी, हाक आली की उठण्याआधी अर्धी ओळ लिहायची: 'पुढची पायरी, घसारा वजा करून नफा.' परत बसल्यावर 'कुठे होते मी' यात वेळ जात नाही. आणि ती ओळ लिहिली की मुलीकडेही पूर्ण मनाने जाता येतं, याचं मला जास्त समाधान आहे.

*

फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून टेबलावर ठेवून काही होत नाही. माझा अनुभव एवढाच.

*

इथे एक गोष्ट कुणीतरी लिहायलाच हवी म्हणून लिहितो. मला मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान झालं. त्याआधी लोकांनी मला आळशी म्हटलं आणि ते फार लागायचं. लक्ष न लागणं लहानपणापासून असेल, अभ्यासाबाहेरच्या कामांतही असेल, किंवा त्यासोबत झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर युक्त्या शोधत बसू नका, डॉक्टरांना भेटा. उपचारांबरोबर मला एका मैत्रिणीची सोबत उपयोगी पडते. आम्ही व्हिडिओ कॉल लावतो, सुरुवातीला 'आता मी हे करणार' एवढं सांगतो आणि आवाज बंद करून आपापलं काम करतो.

*

गणितवाल्यांसाठी. माझं लक्ष कंटाळ्याने क्वचितच उडतं, बहुतेक वेळा भीतीने उडतं. सिद्धतेत पुढचं पाऊल दिसेना झालं की एकदम पेन्सिलीला टोक काढावंसं वाटतं. ती ऊर्मी आली की मी तीन गोष्टी लिहितो: काय दिलंय, काय हवंय, सगळ्यात लहान उदाहरण कोणतं. एन बरोबर एक, दोन, तीन घेऊन हाताने करून बघायचं. पहिल्या एन विषम संख्यांची बेरीज घ्या. एक, मग चार, मग नऊ. तिसऱ्या ओळीला वर्ग दिसायला लागतात आणि चौथ्या ओळीला, पुढची विषम संख्या मिळवली की एका वर्गातून पुढचा वर्ग कसा होतो, हे कळतं. भीती कुठे गेली ते समजतही नाही. हातातलं काम पुरेसं लहान केलं की मन तिथे थांबतं.

*

धागा काढणाऱ्या ताईंना एक सुचवतो. परीक्षा तीन तासांची असेल तर आठवड्यातून एकदा, परीक्षेच्याच वेळी, तीन तास सलग जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. घरी तुकड्यातुकड्यांत उत्तम अभ्यास होतो, पण शेवटच्या तासात टिकणं ही वेगळी सवय आहे. आणि त्यासाठी झोप तोडू नका. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं.

कायद्याच्या ताई, प्रकरण अगदीच नवं असेल तर आधी प्रश्न कुठून आणता?

*

जुन्या प्रश्नपत्रिकांतून. तिथे नसेल तर प्रकरणातली उपशीर्षकं घेते आणि प्रत्येकापुढे 'का' किंवा 'कधी नाही' जोडते. 'कधी नाही' जास्त कामाचं. अपवाद शोधायला लागलं की मूळ नियम आपोआप दोनदा वाचला जातो.