होली सिटीचं जुनं पोस्टकार्ड घ्यावं का? (बजेट २५ डॉलर)

रानवारा
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही सॅन होजेला राहतो, नवरा रोज हायवे १७ चा घाट चढून सांता क्रूझला जातो. त्याच डोंगरात जुन्या रस्त्यावर होली सिटी होती. विल्यम रायकर नावाच्या बुवाने १९१९ मध्ये वसवलेली 'आदर्श' वसाहत. भक्तांनी मालमत्ता बुवाच्या हवाली करायची, बायका-पुरुषांनी वेगळं राहायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पेट्रोल नि जेवण विकायचं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून रस्त्याला सांताक्लॉजचे पुतळे, दुर्बीण, प्राणी आणि पाट्याच पाट्या. एका पाटीचा मतलब असा की लग्न, आत्महत्या किंवा गुन्हा करायच्या विचारात असाल तर आधी आम्हाला भेटा!
नवऱ्याच्या वाढदिवसाला तिथलं पोस्टकार्ड द्यायचंय. जुन्या बाजारात एक दिसलं: काळं-पांढरं, पंपापाशी गाड्या, खाली पांढऱ्या अक्षरात नाव. मागे पेन्सिलीने दोन ओळी, एक सेंटचं तिकीट, शिक्का होली सिटीचाच. एक कोपरा दुमडलाय. विक्रेता '१९१९ चं अस्सल' म्हणतोय, ३५ डॉलर मागतोय. घ्यावं का? अस्सल कसं ओळखायचं?

तिरकस_पुणेकर
फोटो नेटवर फुकट मिळेल. प्रिंट काढा, फ्रेम करा, उरलेल्या पैशात नवऱ्याला जेवायला न्या. आणि बुवाच हवा असेल तर एवढं लांब कशाला? कोरेगाव पार्कातून ऑरेगनला गेलेलं रजनीशपुरम आहे की.

पोस्टमास्तर
ताई, कार्ड उलटं करा. तिकिटाच्या चौकटीत 'अ‍ॅझो' (फोटोच्या कागदाची छाप) असं छापलंय का? असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांत काय आहे ते पाहा. चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. चौकोन असतील तर १९२५ च्या आधीचा नाही. मग भिंग लावा. ठिपके दिसले तर छापील, सलग छटा दिसल्या तर खरा फोटो. आणि अंधारात जांभळ्या (यूव्ही) दिव्याखाली धरा. पांढरंशुभ्र चमकलं तर बहुधा १९५० नंतरचा कागद, म्हणजे नंतर काढलेली प्रत.
माझ्याकडे दोन पेट्या भरून कार्डं आहेत, पण दुमडलेलं एकही घेतलेलं नाही. कोपरा गेला की किंमत गेली.

डेट्रॉइटचा_दादा
होली सिटी सोडा. आमच्या मिशिगनमध्ये बेंटन हार्बरला हाउस ऑफ डेव्हिड होतं, १९०३ पासूनचं. ब्रह्मचारी पंथ, दाढीवाल्यांची बेसबॉल टीम, स्वतःचं करमणूक उद्यान. त्यांची कार्डं ढिगाने मिळतात. मी सगळा संच फ्रेमसकट १८० डॉलरला घेतला, हॉलमध्ये लावलाय, येणारा प्रत्येक जण विचारतो.

रानवारा
दादा, बजेट २५ आहे हो. पोस्टमास्तर काका, कोपऱ्यांत चौकोन आहेत.

पोस्टमास्तर
मग १९१९ चं शक्यच नाही. विक्रेत्याला हे सांगा आणि २० वर आणा.

नीलकांती
कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. हा रायकर उघडउघड वर्णद्वेष्टा होता. कॅलिफोर्निया गोऱ्यांचंच, काळ्यांनी आणि आशियाई लोकांनी इथे धंदा करू नये, असा त्याचा प्रचार. गव्हर्नरच्या निवडणुकीलाही तो उभा राहायचा. हिटलरला पत्रं लिहायचा! आपण देशी माणसं, त्याचं चित्र घरात लावणार?

गप्पिष्ट
पत्रांवरूनच १९४२ ला राजद्रोहात अटक झाली होती. वकील मेल्विन बेलाय. त्याने कोर्टात सांगितलं की हा चक्रम माणूस आहे, मनावर घेऊ नका. बुवा सुटला आणि बेअब्रू केली म्हणून वकिलावरच दावा लावला. म्हातारपणी कॅथलिक झाला, १९६९ ला गेला. कार्डाचे पैसे त्याला थोडेच पोचणार?

नीलकांती
पैशाचा प्रश्न नाहीये, गप्पिष्ट. भिंतीचा आहे.

तिरकस_पुणेकर
रजनीशपुरमचंही शेवटी काय झालं? १९८५ ला बाजार उठला, आता तिथे पोरांची ख्रिस्ती शिबिरं भरतात. बुवा जातो, जमीन राहते.

डेट्रॉइटचा_दादा
ओशोंना रायकरच्या पंगतीत बसवू नका. विषय वेगळा आहे.

तिरकस_पुणेकर
पाहुण्यांना दाढीवाली फ्रेम दाखवणाऱ्यांनी पंगतीचं बोलू नये.

कोथरूडची_माई
रानवारा, जपायचं मात्र नीट शिक. बाबांच्या जुन्या पत्रांना मी लॅमिनेशन करून घेतलं. आता शाई पसरलीय आणि प्लास्टिक निघत नाही. मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटातही ठेवू नकोस. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घे, मागे आम्लरहित पुठ्ठा घाल, उन्हाच्या भिंतीवर नको. आणि फोटोवरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडरबराने पुसायला जाऊ नकोस गं, सगळे तेच करतात.

बे_एरिया_बाळू
चौकोन म्हणजे १९२५ नंतरचं. भिंग लावून बघा.

पोस्टमास्तर
हे मी वरच सांगितलंय.

बे_एरिया_बाळू
मी वरचं वाचलं नव्हतं. पण १९४० ला नवा हायवे १७ झाला आणि सगळी वाहतूक होली सिटीला वळसा घालून जायला लागली. धंदा तिथेच बसला, १९५९ ला बऱ्याच इमारती जळाल्या. पंपावर एवढ्या गाड्या आहेत म्हणजे फोटो रस्ता व्हायच्या आधीचा. शिक्क्यावर साल असेल ना? ते वाचा आधी, चौकोन-त्रिकोण कशाला पाहता!

पोस्टमास्तर
शिक्का पाठवल्याची तारीख सांगतो, कागदाची नाही. दुकानात दहा वर्षं पडून राहिलेलं कार्डही लोक टाकत. तरी बाळूचा मुद्दा बरोबर, साल वाचा. लिहिलेलं, शिक्क्याचं कार्ड साफ कार्डापेक्षा हलकं असतं, एवढं लक्षात ठेवून भाव करा.

रानवारा
सगळ्यांचे आभार. काल गेले. शिक्क्यावर १९३६ आहे. विक्रेत्याला चौकोन दाखवले तर म्हणाला, 'मग घेऊ नका.' दुसरं एक साफ, कोऱ्या पाठीचं कार्ड त्याने २० ला दिलं असतं. ते नाही घेतलं. मागच्या दोन ओळींत पाठवणाऱ्याने लिहिलंय की इथलं जेवण वाईट आहे आणि पाट्या वाचता वाचता उशीर झाला. तेवढ्यासाठी पूर्ण ३५ दिले. नीलकांतीताई, भिंतीवर लावणार नाही. माई, रागावू नका, फ्रिजवर लोहचुंबकाने लावतेय, पाठ बाहेर करून.

पोस्टमास्तर
लोहचुंबकाने? ताई!!

नवखा_२४
छान धागा. मलाही असं कार्ड घ्यायचंय. बजेट किती ठेवावं?