आईकडे चोवीस तास राहणाऱ्या मावशींनी सुट्टी मागितली आणि घरात वाद झाला

रानवाट:
माझी आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. मी दुसऱ्या शहरात, आई दादा-वहिनीकडे, आणि तिचं सगळं करायला एक मावशी चोवीस तास घरात राहतात. मागच्या आठवड्यात मी चार दिवस राहायला गेले आणि आईच्याच खोलीत झोपले तेव्हा पहिल्यांदा कळलं की मावशींची रात्र कशी जाते. अकराला औषध, एकला कूस बदलायची, अडीचला पाणी, चारला डायपर, आणि साडेपाचला उठून थेट स्वयंपाकघरात, कारण ठेवलं आईसाठी असलं तरी हळूहळू धुणीभांडी, केर-फरशी सगळं त्यांच्याच अंगावर आलंय. झोपतात कॉटखाली सतरंजीवर. आईला हाक मारता येत नाही म्हणून त्यांनी एक सुती दोरी घेतलीय, एक टोक आईच्या मनगटाला आणि दुसरं स्वतःच्या, आईने हात हलवला की यांना जाग येते.

त्यांनी आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. वहिनी म्हणाली, घरच्यासारखं वागवतो ना आपण, आपल्यातलंच जेवतात, मग सुट्टी कशाला हवीय. वहिनी वाईट नाही हो, तीही थकलीय. पण मावशींचं ओळखपत्रसुद्धा दादाने 'हरवायला नको' म्हणून स्वतःकडे ठेवलंय हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी काय मागणी धरू घरात? किती सुट्टी रास्त असते?

कडुनिंब:
मी काही वर्षं घरकामगारांच्या संघटनेचं काम केलंय म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) 16 जून 2011 ला जिनिव्हात घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्याला सलग किमान 24 तास विश्रांती लिहिलेली आहे, सुट्टीच्या वेळात मालकाच्या घरातच थांबायची सक्ती करता येत नाही, आणि ओळखपत्र, पासपोर्ट वगैरे कागद कामगाराकडेच राहिले पाहिजेत हेही आहे. सगळ्या देशांनी मान्यता दिलेली नाही, पहिली दिली उरुग्वेने, पण रास्त काय हे मोजायला पट्टी म्हणून तो धरता येतो. तुमच्या दोरीवरून आठवलं, 'हाक आली तर उठायचं' म्हणून अडकून राहिलेली वेळही देशाच्या कायद्यात ठरेल तेवढी कामाच्या तासांत धरायची असं त्यात म्हटलंय. त्यामुळे मावशी रात्री 'झोपलेल्याच असतात' हा युक्तिवाद मान्य करू नका. ओळखपत्र तर आजच्या आज परत द्यायला सांगा, त्यात चर्चेसारखं काही नाही.

पारंबी:
माझी आई वीस वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी करायची म्हणून हे 'घरच्यासारखी' मी लहानपणापासून ऐकलंय. घरच्यासारखी म्हणायचे आणि कप फुटला की पगारातून कापायचे, ताप आला तरी खाडा धरायचे, आणि एकदा घरातली अंगठी सापडेना तर सगळ्यात आधी माझ्या आईची पिशवी उलटी केली, मी तिथेच दारात उभी होते, सात-आठ वर्षांची असेन, पिशवीतून तिचा जुना रुमाल आणि माझी वही पडली. अंगठी दोन दिवसांनी त्यांच्याच कपाटात मिळाली. आईला कुणी काही बोललं नाही, माफीही नाही, आणि ती पुढचे चार महिने तिथेच कामाला जात राहिली कारण आधीची उचल फिटली नव्हती. तुमच्या मावशींनी तोंड उघडून सुट्टी मागितली हेच मोठं आहे, बऱ्याच जणी काम जाईल म्हणून मागतच नाहीत.

पायरी:
पटतंय सगळं पण व्यवहाराचं बोला. पेन्शनवर चालणारं घर असेल तर सुट्टीच्या दिवसाला दुसरी बाई ठेवणं परवडत नाही, आणि आजारी माणसाला एक दिवस कुणीच नाही असं चालत नाही. मालक म्हणजे दर वेळी श्रीमंतच असतो असं नाही.

कडुनिंब:
@पायरी, अडचण खरी आहे, पण ती सोडवायची जबाबदारी घरातल्यांची, मावशींची नाही. आयएलओच्या अंदाजाने जगात 7 कोटी 56 लाख लोक घरकाम करतात, चारातल्या तीन बायका. परवडत नाही म्हणून त्यांची झोप फुकट घ्यायची हे किती घरांत चालत असेल विचार करा.

ओसरी:
मी वडिलांचं केलंय म्हणून अनुभवाचं सांगते. रविवार घरातल्यांनी वाटून घ्या. आणि रानवाट, तुम्ही लांब असलात तरी महिन्यातला एक रविवार तुमचा, नाहीतर वहिनीला राग येणारच. कामं एका कागदावर लिहा, आईचं एवढं, घरचं काही नाही, आणि घरचं हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. झोपायला गादी द्या, रोज दुपारी सलग तीन तास मावशींना कुणी हाक मारायची नाही.

रानवाट:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ओळखपत्र दादाने परत दिलं. महिन्यातला पहिला रविवार मी घेतलाय. ह्या रविवारी मावशी लेकीकडे गेल्या आणि दोरी दादाच्या हाताला होती, सकाळी फोनवर एवढंच म्हणाला की चार वेळा उठलो गं. पण वहिनी अजून नीट बोलत नाहीये, आणि गाडं आता सुट्टी भरपगारी की पैसे कापून यावर अडलंय. मी कापू देणार नाही. कामांचा कागद आज रात्री लिहायला बसतेय, मावशींना फोनवर विचारत विचारतच.