पैसे आले बघ! : फोनवरच्या पैशांचे अनुभव

माणदेशी_सून
आजीचा पत्र्याचा डबा आवरताना मनीऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. आजोबा लालबागला गिरणीत. पैसे आले की पोस्टमनतात्या ओसरीवर बसून नोटा मोजायचे, आजीचा अंगठा घ्यायचे आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे. 'मी खुशाल आहे. बैलाला पेंड आणणे.' अख्ख्या आळीला आमच्या बैलाची खबर!
डबा मांडीवरच होता, तेवढ्यात भावानं पुण्याहून आईला 2000 पाठवले. फोन वाजला, आई म्हणाली 'आले बघ' आणि पिठलं ढवळत राहिली. मजकुराच्या जागी भावानं लिहिलंय 'गॅस'. बस.
तुमच्याकडचं लिहा ना.

टपरीवाला_बंड्या
पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारा तो बोलता डबा का घेतला ते सांगतो. एक पोरगं रोज दोन कटिंग, दोन क्रीमरोल, 'पाठवले काका' म्हणत स्क्रीन दाखवायचं. आठवड्यानं कळलं, रोज तोच स्क्रीनशॉट. उकळत्या दुधासमोर तारीख कोण बघतंय? आता डबा बोलल्याशिवाय ग्लास सोडत नाही. डब्याचं भाडं कापतात ते वेगळंच.

रानमेवा
क्रीमरोल पण?? 😂😂

मुरबाडकर
यूपीआय एप्रिल 2016 लाच आलेलं, पण 8 नोव्हेंबरला नोटा गेल्या तेव्हा आमच्यात कोणाला ठाऊक होतं? तेव्हा स्वाइप मशीनचा बोलबाला. 1 डिसेंबर 2016 ला तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मामाबरोबर मुद्दाम कार्डावर वडापाव खायला गेलो होतो. पिन मामाच विसरला. पैसे रोखच दिले.

कांदेवाली
खुरपणीच्या बायांना मी रोखच देते. फोनवर द्यायला माझं काही जात नाही, पण फोन नवऱ्याच्या खिशात. एकदा चौघींचे पाठवले, संध्याकाळी एकीचा गडी झुलत आला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ताई हातात देत जा. आता आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी एटीएमला खेटे. तिथं खडखडाट असतो ते निराळं.

माणदेशी_सून
@कांदेवाली हे डोक्यातच आलं नव्हतं गं.

नैरोबीहून
इथं एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, 2007 पासून. मी 2011 ला आले तेव्हा भाजीवाली 'मामा म्बोगा' बटणांच्या फोनवर पैसे घ्यायची, इंटरनेटबिंटरनेट काही नाही. रोख हवी तर कोपऱ्यावरच्या एजंटाकडे जायचं, तो मोजून देतो. तिकडे सासूबाई तेव्हा बँकेत पासबुक छापायला रांगेत उभ्या! आणि स्वाहिलीत 'पेसा' म्हणजे आपला पैसाच.

रानमेवा
नैरोबीत कोथिंबीर मिळते का हो?

नैरोबीहून
मिळते की. 'धनिया' म्हणतात. फुकट मात्र घालत नाहीत 😄

पाटलांचा_जावई
आमच्याकडच्या लग्नात परवा स्टेजजवळ क्यूआर लावलेला. वहीवाले काका वैतागले, 'नाव लिहा म्हणजे परत आहेर करताना कळेल.' बऱ्याच जणांनी नावाच्या जागी नुसतं 🙏 पाठवलंय. वरचा एक रुपया मात्र सगळ्यांनी टाकला. 501, 1001.

टपरीवाला_बंड्या
ते हात जोडलेले कोणाचे ते शोधायला सासरे बसले असतील.

पाटलांचा_जावई
सासरे नाही, मलाच बसवलंय. अजून 14 राहिलेत.