मोबाइलवर मीडिया क्वेरी लागू होत नाही

प्रश्न
नमस्कार. मी दोन महिन्यांपासून वेबपाने बनवण्याच्या एचटीएमएल आणि सीएसएस या भाषा शिकत असून सरावासाठी आमच्या गावच्या वाचनालयाचे पान तयार करत आहे. नव्या पुस्तकांची माहिती देणारे तीन चौकोन एका ओळीत मांडले आहेत आणि रुंदी ६०० पिक्सेलपेक्षा कमी झाली की ते एकाखाली एक यावेत, अशी मीडिया क्वेरी (रुंदीच्या अटीवर लागू होणारा सीएसएसचा नियम) लिहिली आहे. संगणकावर खिडकी अरुंद केली की सारे नीट चालते. मोबाइलवर मात्र चौकोन शेजारीशेजारीच राहतात आणि अक्षरे इतकी बारीक दिसतात की बोटांनी पान मोठे करून वाचावे लागते. माझे काय चुकत असावे?

उत्तर १
तुमची मीडिया क्वेरी बरोबर आहे. एचटीएमएलच्या सुरुवातीच्या हेड या भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचे हे ब्राउझरला सांगणारी ओळ, द्यायची राहिली असणार. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे केवळ संगणकासाठी बनवलेली होती, म्हणून त्यातील सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून मांडत असे आणि मग ते पडद्यावर मावेल इतके लहान करत असे. टॅग नसेल तर आजही तसेच घडते. ब्राउझरच्या लेखी रुंदी ९८० असल्यामुळे तुमची ६०० ची अट पूर्णच होत नाही. टॅगमध्ये विड्थला ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि इनिशियल-स्केलला १ ही किंमत द्या.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार, चौकोन आता एकाखाली एक आले. परंतु पान उजवीकडे थोडे सरकते. मोबाइलसाठी चौकोनांना १०० टक्के रुंदी आणि चारही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (कडा आणि मजकूर यांमधील मोकळी जागा) दिले आहे.

उत्तर २
उत्तर त्या पॅडिंगमध्येच आहे. सीएसएस मुळात विड्थमध्ये पॅडिंग धरत नाही, त्यामुळे ३६० पिक्सेलच्या पडद्यावर तुमचा चौकोन ४०० पिक्सेलचा होतो. सर्व घटकांना बॉक्स-सायझिंग ‘बॉर्डर-बॉक्स’ द्या, म्हणजे पॅडिंग विड्थमध्येच धरले जाईल, आणि चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के द्या. ओव्हरफ्लो ‘हिडन’ करून आडवा स्क्रोल लपवू नका, कारण त्याने दोष तसाच राहतो आणि मजकूर कापला जातो. पुढे कधी असे झाले तर सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. ती जागा व्यापत नसल्याने मांडणी हलत नाही आणि बाहेर गेलेला घटक लगेच सापडतो.

उत्तर ३
एवढ्या कामासाठी मीडिया क्वेरीही लागत नाही. ग्रिड या सीएसएसच्या स्तंभ-मांडणीत रिपीट, ऑटो-फिट आणि किमान २२० पिक्सेल, कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) असा मिनमॅक्स वापरल्यास ३६० पिक्सेलवर एकच स्तंभ मावतो व जागा वाढेल तसे शेजारी स्तंभ येत जातात. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचाकडे मात्र इतक्यात वळू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आता सापडलेल्या दोन्ही चुका तुम्हाला त्यात कळल्याच नसत्या. आणखी एक, चौकोनांना ठरावीक उंची देऊ नका. पुस्तकाचे लांब नाव मोबाइलवर दोन-तीन ओळींत जाते आणि मजकूर चौकोनाबाहेर येतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत.