मुलांचा विचार पायऱ्यांनी चढतो की हळूहळू?

पायरी_पायरी
स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी सांगितलेले मुलांच्या विचारविकासाचे टप्पे (बदल साधारण २, ७ आणि ११ वर्षांच्या सुमारास) आता मोडीत निघाले, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर लावा. सारखी आहेत ना, विचारा. मूल हो म्हणालं की त्याच्या देखत एक ओळ पसरवा आणि पुन्हा विचारा. चार वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीत जास्त आहेत म्हणेल. आठ वर्षांचं सांगेल, नुसती पसरवलीत, नवीन कुठे घातलीत? इथे माहिती वाढलेली नाही, विचाराची रीतच बदलली आहे.

उलटतपासणी
असहमत. खोट तुमच्या कृतीत आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं मुलाला वाटतं. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी १९७० च्या दशकात ही ओळ एका खोडकर टेडीकडून ‘विस्कटवली’. त्याच वयाच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. पहिला प्रश्न गाळून फक्त पसरवल्यानंतर विचारलं, तरी चुका कमी होतात.

पायरी_पायरी
टेडीचा मुद्दा रास्त. मग पत्त्यांचा खेळ घ्या, त्यात प्रश्नाचा घोळ नाही. एका डब्यावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी. हातात लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी पाच-सहा पत्ते रंगाप्रमाणे टाकायला सांगा, मग ‘आता आकाराप्रमाणे’ म्हणा. तीन वर्षांचं मूल रंगालाच चिकटून राहतं. गंमत म्हणजे ‘आकाराच्या खेळात ससा कुठे जातो?’ विचारलं तर बोट बरोबर डब्याकडे! नियम माहीत आहे, हात मात्र जुन्याच वाटेने जातो. पाच वर्षांची बहुतेक मुलं सहज नियम बदलतात.

उलटतपासणी
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. पत्त्यावर बिनरंगी ससा आणि शेजारी सुटा रंगीत ठिपका काढा, तीनचीच मुलं बरीच सुधारतात. म्हणजे अडतंय ते जुना नियम दाबून लक्ष दुसरीकडे वळवण्यात. ही ताकद मेंदूच्या कपाळामागच्या भागावर बरीच अवलंबून असते, आणि तिथे पेशींमधल्या जादा जोडण्यांची छाटणी किशोरवयातही चालू असते. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं, आवरण चढणं तर विशीतही थांबत नाही. सातव्या वर्षी मेंदूत अचानक काही उलटंपालटं होत नाही.

शिकवणारी
वर्गात टप्प्यांचं वय छताप्रमाणे वापरलं जातं, त्याला माझा विरोध आहे. ‘अजून सात पूर्ण नाहीत, कळणार नाही’ म्हणून विषयच टाळला जातो. त्याऐवजी एका वेळी एकच नियम द्या, आणि नियम बदलताना तो मुलाच्या तोंडून वदवून घ्या. आणि हो, संख्या तीच राहते हे कळलेलं मूल, आकार बदलला तरी वजन तेच राहतं याबाबत पुढची दोन-तीन वर्षं चुकू शकतं. एकच पायरी असती तर दोन्ही एकदम जमलं नसतं का?

पायरी_पायरी
ही तफावत पियाजेंनीही नोंदवली होती. वयाचा हट्ट मी सोडतो, क्रमाचा नाही. वजन आधी आणि संख्या नंतर कळलेली मुलं तुमच्या वर्गात किती?